एकच बार: पेनसिल्व्हेनियात चकमकीच्या बंदुकीने हरणाच्या पहिल्या शिकारीला जाताना

कोकणात बालपण गेलेल्यांना ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची बंदूक नवी नसते. आमच्या आजोळी ओटीवर, वासाला टांगलेली एक होती. शेती संरक्षणाच्या परवान्यावरची, डुकरं भातात शिरली की बार काढायला. आजोबा आम्हा पोरांना तिला हात लावू देत नसत. रिकामी असली तरी तिचं तोंड माणसाकडे वळलं की ओरडायचे, "भरलेली आहे असंच धर!" शिकारीतला पहिला धडा मला तिथे मिळाला. बाकीचे सगळे पेनसिल्व्हेनियात.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. भारतात हरणाची शिकार हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. इथे लिहितोय ते सगळं अमेरिकेतलं, त्यातही पेनसिल्व्हेनियातलं. या राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बेसुमार शिकारीने हरणं जवळजवळ संपली होती. १८९५ मध्ये गेम कमिशन, म्हणजे राज्याचं वन्यप्राणी खातं, स्थापन झालं, शिकारीवर बंधनं आली, बाहेरच्या राज्यांतून हरणं आणून सोडली आणि ती इतकी वाढली की आता जंगलाची कोवळी रोपं वाचवायची तर दरवर्षी ठरावीक हरणं काढावी लागतात. हे काम परवानाधारक शिकारी करतात.

त्यातला सगळ्यात जुन्या वळणाचा हंगाम नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला सुरू होतो. १९७४ पासून तो चालत आलाय. या हंगामात फक्त चकमकीची, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी, ठासणीची बंदूक चालते. स्फोटक टोपीने पेटणारी नाही, काडतुसाची नाही, दुर्बीण लावलेली तर नाहीच. (ऑक्टोबरात मादीसाठी ठासणीच्या बंदुकांचा वेगळा हंगाम असतो. त्यात आधुनिक ठासणीच्या बंदुका आणि दुर्बीण दोन्ही चालतात. ज्यांना चकमकीचा धीर होत नाही त्यांनी तिथून सुरुवात करायला हरकत नाही.) अठराव्या शतकात याच राज्यात, लँकेस्टर भागात, जर्मन वंशाच्या कारागिरांनी लांब नळीची रायफल घडवली. तिची नक्कल खांद्यावर टाकून त्याच डोंगरांत फिरायला मिळतं, याचं मला अजून अप्रूप आहे.

कागदपत्रं

पहिल्यांदा परवाना काढणाऱ्याला शिकारी प्रशिक्षणाचा कोर्स पूर्ण करावा लागतो. मोठ्या माणसांना तो ऑनलाइनही करता येतो. पण जमलं तर प्रत्यक्ष वर्गात जा. तिथे शिकवणारे स्वयंसेवक पन्नास-पन्नास वर्षं रानात फिरलेले असतात आणि जेवणाच्या सुट्टीत जे सांगतात ते पुस्तकात नसतं. मग साधा शिकारीचा परवाना, त्यावर मझललोडरचा, म्हणजे ठासणीच्या बंदुकीचा जोडपरवाना, आणि ऑक्टोबरात मादी किंवा डिसेंबरात जास्तीची मादी मारायची असेल तर त्या त्या विभागाचा वेगळा परवाना. मादीचे परवाने उन्हाळ्यातच विक्रीला येतात आणि काही विभागांतले लवकर संपतात, डिसेंबरात जागे होऊन उपयोग नाही. नराच्या शिंगांना किती फाटे हवेत याची अटही विभागानुसार बदलते. परवान्याबरोबर मिळणारी नियमपुस्तिका दरवर्षी नव्याने वाचायची, गेल्या वर्षीचं आठवतंय यावर विसंबायचं नाही.

आपल्या मंडळींसाठी व्हिसाचा मुद्दा महत्त्वाचा. एच-वन-बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला फेडरल कायद्याने एरवी बंदूक बाळगता येत नाही. वैध शिकारीचा परवाना हा त्यातल्या मोजक्या अपवादांपैकी एक. फक्त काळ्या दारूवर चालणाऱ्या, काडतूस न घेणाऱ्या ठासणीच्या बंदुकांना १९६८ चा फेडरल बंदूक कायदा 'अँटिक' मानतो, म्हणजे त्याच्या व्याख्येत त्या 'फायरआर्म' नाहीत. पण राज्यांचे कायदे वेगळे आहेत. आपली बरीच मंडळी न्यू जर्सीत राहतात आणि तिथे ठासणीच्या बंदुकीलाही बाकी बंदुकांसारखाच ओळखपत्राचा नियम लागतो. ग्रीन कार्ड प्रक्रियेत असलेल्याने तर खरेदीआधी इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारावंच. तासाभराची फी जाईल, पण पुढची झोप शाबूत राहील.

बंदूक आणि तिचे अवयव

.५० कॅलिबरची बंदूक घ्या. नियमाप्रमाणे हरणासाठी .४४ पेक्षा लहान चालत नाही आणि .५० साठी गोळ्या, गज (बार ठासायची काठी), चिंध्या सगळं सहज मिळतं. नळीतल्या आट्यांचा, म्हणजे आतल्या पिळदार खाचांचा वेढा सावकाश हवा. ४८ इंचांत एक वेढा किंवा त्याहून सावकाश असेल तर गोल शिशाची गोळी नीट जाते. जुनी घेणार असाल तर नळीत उजेड टाकून गंज बघा आणि अंधाऱ्या खोलीत रिकामा घोडा पाडून ठिणग्या बघा. दाट, पांढऱ्या ठिणग्यांचा झुबका खाली पडला पाहिजे. दोन-चार लालसर ठिणग्या पडणारी बंदूक स्वस्तात मिळाली तरी नको.

नावं समजून घ्या, पुढे लागतील. घोड्याच्या जबड्यात चामड्याच्या तुकड्यात धरलेली गारगोटी असते. समोर फ्रिझन नावाची पोलादी पाती उभी असते, तीच खालच्या प्याल्याचं झाकणही होते. प्याल्यात चिमूटभर बारीक दारू असते, तिला जुन्या मराठीत रंजक म्हणतात. आणि प्याल्यातून नळीत जाणारं बारीक भोक म्हणजे बंदुकीचा कान. चाप ओढला की गारगोटी पोलादावर घासते, ठिणग्या रंजकात पडतात, रंजक भडकते, तिची आच कानातून आत जाते आणि मग बार उडतो. या साखळीतली एक कडी ओली, बोथट किंवा तुंबलेली असली की बार फुसका.

दारू खरी काळीच लागते. तिच्या जागी मिळणारे आधुनिक पर्याय पेटायला जास्त उष्णता मागतात आणि चकमकीच्या ठिणगीला दाद देत नाहीत. नळीत दोन-एफ जाडीची, रंजकाला चार-एफची बारीक. आणि बिनधुराची आधुनिक दारू, म्हणजे काडतुसातली, चिमूटभरसुद्धा या नळीत कधीही घालायची नाही. नळी फुटते आणि शेजारी डावा हात असतो.

बार भरणं

हे सगळ्यात सावकाश शिकायचं. मी पहिलं वर्षभर हे फक्त मैदानावर केलं, रानात नाही.

आधी गज नळीत सोडून बघा की नळी रिकामी आहे. रिकाम्या नळीत गज कुठवर बुडतो आणि भरलेल्या नळीत कुठवर, याच्या दोन खुणा गजावर कायमच्या करून ठेवा. या दोन खुणांनी माझ्या ओळखीतल्या निदान तिघांना दुहेरी बार भरण्यापासून वाचवलंय. मग कोरड्या चिंधीने तेल पुसून काढा आणि बारीक तारेने कान मोकळा करा.

दारू साठवायच्या पोकळ शिंगातून ती थेट नळीत ओतायची नाही. आधीच्या बाराची एखादी ठिणगी आत धुमसत असली तर हातातलं अख्खं शिंग पेटतं. मापात घ्या, शिंगाचं बूच लावा, मग मापातून नळीत. तोंड कधीही नळीच्या वर नेऊ नका. सुरुवात ५० ग्रेनच्या मापाने करा आणि पाच-पाच ग्रेन वाढवत जा. बहुतेक .५० बंदुका ७० ते ९० च्या दरम्यान कुठेतरी गोळ्या एका जागी टाकायला लागतात. बंदूक बनवणाऱ्याने दिलेली कमाल मर्यादा ओलांडायची नाही. नळीवर तळहाताने दोन थापा मारा म्हणजे दारू तळाशी बसते.

आता गोळी. नळी .५० ची असली तरी गोळी ०.४९० इंचाची असते, उरलेली फट कापडाने भरायची. सुती, घट्ट विणीचं, ०.०१५ इंच जाडीचं कापड, वंगण लावलेलं. चिंधी नळीच्या तोंडावर, तिच्यावर गोळी. आखूड ठोकणीने चार-पाच इंच आत, मग गजाने. गज वरच्या टोकाला धरून जोर लावला तर लाकडी गज मोडतो आणि त्याची धारदार फाक तळहातात घुसते. नळीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरा आणि टप्प्याटप्प्याने दाबा. भरलेल्या नळीची खूण तोंडाशी आली पाहिजे. दारू आणि गोळी यांच्यात पोकळी राहिली तर नळी फुगू किंवा फुटू शकते. गोळी दारूवर टेकल्याचं हाताला कळतं. मऊ, भरीव थांबा जाणवतो. शब्दांत सांगता येत नाही, पण दहा बारांनंतर तुम्हालाही कळेल.

रंजक सगळ्यात शेवटी, बंदुकीचं तोंड सुरक्षित दिशेला धरून. प्याला गच्च भरायचा नाही, तिसरा हिस्सा पुरे. कानावर दारूचा ढीग झाला तर ती वातीसारखी जळत जाते आणि बार उशिरा उडतो. आच कानातून झेपावली पाहिजे. फ्रिझन बंद करा, घोडा अर्ध्यावर, फ्रिझनवर चामड्याची टोपी. अर्धा घोडा म्हणजे सुरक्षितता नव्हे, तो फक्त एक खाच आहे. खरी सुरक्षितता बंदुकीचं तोंड कुठे आहे त्यात.

चाप ओढला आणि बार उडाला नाही तर बंदूक तशीच रोखून धरा, निदान मिनिटभर. हलू नका, बघायला वाकू नका. उशिरा पेटणारा बार हा या बंदुकीतला सगळ्यात मोठा धोका. मिनिट झालं की कान साफ करा, नवी रंजक घाला, पुन्हा नेम धरा.

नेमबाजी

डोळ्यांपासून काही इंचांवर जाळ होतो आणि शरीर दचकतं. हे दचकणं मोडायलाच मैदानावरचा बहुतेक वेळ जातो. संरक्षक चष्मा आणि कानाला बोळे लावूनच सराव करा. एक युक्ती सांगतो. नळी रिकामी असल्याची गजाने खात्री करून, गारगोटीच्या जागी तेवढाच लाकडाचा तुकडा बसवून घरी रोज वीस वेळा चाप ओढा. घोडा पडल्यावरही नळीच्या टोकावरची नेमाची माशी लक्ष्यावरून हलता कामा नये. चकमकीत चाप आणि बार यांच्यात क्षणभराचं अंतर असतं आणि त्या क्षणात बंदूक हलली की गोळी गेली.

पंचवीस यार्डांपासून सुरू करा, मग पन्नास. सहा इंचांची कागदी बशी लावा. टेबलावरून नाही, रानात बसाल तसं झाडाला टेकून बसून, हातमोजे घालून, सलग पाच गोळ्या त्या बशीत पडल्या की तेवढं तुमचं शिकारीचं अंतर. माझं आजही पन्नास यार्ड आहे. साठावर उभ्या असलेल्या हरणाकडे मी फक्त बघतो.

रानात

स्टेट गेम लँड्स म्हणून १५ लाख एकरांहून जास्त सार्वजनिक रान या राज्यात आहे, तिथे शिकारीला वेगळी परवानगी लागत नाही. खाजगी जमिनीवर मालकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. वस्तीच्या घरापासून दीडशे यार्डांच्या आत बंदूक चालवायची नाही. भगवा-नारिंगी कोट आणि टोपी घालाच. हरणाला तो रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही, माणसाला दिसतो.

डिसेंबरअखेर हरणं दोन महिन्यांच्या शिकारीने सावध झालेली असतात. माजाचा काळ सरलेला, चारा कमी, थंडी कडक. ती दोनच गोष्टी शोधतात: ऊब आणि पोट भरण्याची सोय. दक्षिणेकडे तोंड असलेले, उन्हाचे उतार बघा. लॉरेलच्या दाट झुडपांच्या कडा बघा, हेमलॉकच्या झाडांखाली बर्फात बसल्याच्या खळग्या बघा. वारा तुमच्या तोंडावर येईल अशी जागा धरा आणि जाड बुंध्याला पाठ लावून बसा. इथले जुने लोक या हंगामात टोळीने हाका घालतात. त्यात मजा आहे, पण प्रत्येक माणूस कुठे आहे याचं भान शेवटपर्यंत लागतं. पहिल्या वर्षी नवख्याने बसूनच शिकार करावी असं माझं मत आहे.

माझ्या दुसऱ्या हंगामातली गोष्ट. भुरभुर ओला बर्फ पडत होता. पहाटे भरलेली रंजक मी बदललीच नव्हती. दहाच्या सुमारास तीस पावलांवर मादी येऊन आडवी उभी राहिली, कान फिरवत, नाकातून वाफ सोडत. मी घोडा पूर्ण चढवला, चाप ओढला, खटकन आवाज आला आणि पुढे काहीच नाही. मिनिटभर थांबून प्याला उघडला तर आत दारू नव्हती, काळी लापशी होती. काळी दारू हवेतलं पाणी ओढून घेते, हे मला वाचून माहीत होतं, त्या दिवशी बोटांना कळलं. तेव्हापासून कोरड्या हवेत तासाभराने आणि ओल्या हवेत अर्ध्या तासाने रंजक झटकून, प्याला पुसून नवी घालतो. तसंच गार पडलेली बंदूक उबदार घरात आणायची नाही. तिला घाम फुटतो आणि आतली दारू भिजते.

नेम धरायचा तो हरीण आडवं उभं असताना, किंवा तुमच्यापासून किंचित पलीकडे वळलेलं असताना. पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालून एक तृतीयांश उंचीवर. तिथे फुप्फुसं आणि हृदय आहे. समोरून, मागून, धावताना, झुडपाआडून बार करायचा नाही. मागे काय आहे हे दिसत नसेल तरी नाही. दुसरा बार भरायला मिनिट लागतं आणि जखमी हरीण मिनिटभर थांबत नाही. हातात एकच बार आहे, तो चांगला असेल तरच खर्च करायचा.

बार झाला की पांढऱ्या धुराची भिंत उभी राहते. थंडीत ती हलत नाही. पटकन खाली बसा, धुराखालून हरीण कुठे पळालं ते बघा आणि कान लावा. फांद्या मोडल्याचा, धप्पकन पडल्याचा आवाज येतो. मग जागेवरच बंदूक पुन्हा भरा. अर्धा तास थांबा. हरीण उभं होतं त्या जागी केस आणि रक्त शोधा. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस, हरीण जवळच पडलेलं असेल. काळपट लाल म्हणजे बहुधा यकृत, काही तास थांबा. हिरवट घाण आणि वास असेल तर गोळी पोटात लागलीय. सहा-आठ तास थांबा, घाई केलीत तर ते उठून मैलभर जाईल. रक्त दिसलं त्या प्रत्येक ठिकाणी कागदी रुमालाचा तुकडा अडकवत चला, मागे वळून पाहिलं की दिशा कळते. माग सोडायचा नाही. रात्र झाली तर मदत बोलवा. यात आळस करणाऱ्याने बंदूक धरू नये, इतकं मला हे महत्त्वाचं वाटतं.

हरीण मिळाल्यावर

जागेवरून हलवण्याआधी परवान्याचा टॅग भरून हरणाच्या कानाला बांधा, आणि दहा दिवसांच्या आत गेम कमिशनला कळवा. आतडी तिथेच काढा, पोट किंवा मूत्राशय न फोडता, म्हणजे मांस लवकर थंड होतं. पहिल्या वेळी जाणत्या माणसाला बरोबर घ्या. या राज्यात २०१२ पासून क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांना झिजवून मारणारा आजार आढळतोय. रोगग्रस्त म्हणून आखलेल्या भागातून डोकं आणि पाठीचा कणा बाहेर न्यायला बंदी आहे, आणि तपासणीसाठी डोकी टाकायच्या पेट्या ठिकठिकाणी असतात. तिथे डोकं द्या आणि निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये ठेवा.

जखमेभोवतालचं मांस सढळ हाताने कापून टाका, शिशाचे कण राहतात. हरणाची चरबी मेणासारखी जिभेला चिकटते, तीही सगळी काढा. पाठीचा लांब तुकडा तव्यावर झटपट करायचा, खांदा आणि मांडी मात्र मटणासारखी, भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणात, मंद आचेवर तीन तास. घरात कुणी खात नसेल किंवा मांस जास्त झालं तर 'हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट' या कार्यक्रमातून ते गरजूंच्या अन्नछत्रांना देता येतं. १९९१ पासून तो चालू आहे.

शिकार मिळो न मिळो, बार उडाला असेल तर त्याच रात्री बंदूक धुवायची. काळ्या दारूची राख पाणी शोषते आणि एका रात्रीत नळीला गंज चढवते. आधी नळी रिकामी आहे ना ते गजाच्या खुणेवर बघा. कोमट पाणी, थोडा साबण, चिंध्या पांढऱ्या निघेपर्यंत. मग कोरड्या चिंध्या, मग तेल. कान तारेने साफ, प्याला आणि फ्रिझन पुसून कोरडे, गारगोटीची धार बोटाने नाही, नखाने तपासायची. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा एक तेलाची चिंधी नळीतून फिरवायची. ती तांबूस निघाली तर आदल्या रात्री कुठेतरी ओल राहिली होती, पुन्हा पहिल्यापासून धुवा.